लाल-काळी चौकट

३ मार्च, मंगळवार

खाटा आल्या! मधला सगळा मजला बाळंतिणींचा. फिके निळे पडदे, प्रत्येक खाटेशेजारी सोबतीणीसाठी खुर्ची. पोकुआ म्हणाली, "आई, एकदा आडवी होऊन बघ ना." लेक डॉक्टर झाली, हॉस्पिटल उभारलं, तरी पोरकटपणा गेला नाही. झाले आडवी. छताकडे बघत देवाचे आभार मानले. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या — मुलींनो, झोपण्याआधी आभार, गाऱ्हाणी सकाळी. साठी उलटली तरी ती सवय आहे.

गाऱ्हाणं एकच आहे. ते मात्र एकोणीस वर्षांचं आहे.

५ मार्च

चर्चमध्ये गावाकडची बाई भेटली. दुफीच्या नातीचे, टिवाचे दिवस भरत आलेत म्हणे, याच महिन्यात.

दुफी — माझी धाकटी बहीण. तिची लेक आफ्रा बाळंतपणाला कुमासीत माझ्याकडे आली होती. टॅक्सीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. या दारात खाट नाही, त्या दारात खाट नाही. ज्या इस्पितळात मी जन्मभर बाळंतपणं केली, तिथेही एकेका खाटेवर दोघी-दोघी, जमिनीवरसुद्धा जागा नाही. शेवटी टिवा जन्मली आणि आफ्रा गेली. दुफी बाळाला घेऊन गावी परतली. जाताना एवढंच बोलली, "एवढं मोठं तुझं शहर, ताई. माझ्या लेकीला एक खाट मिळाली नाही."

तेव्हापासून बोलणं बंद.

त्या टॅक्सीत पुढच्या सीटवर पोकुआ होती, शाळेच्या गणवेशात. लोक विचारतात, हॉस्पिटलची कल्पना कशी सुचली. ती नुसती हसते.

टिवाला दिवस गेल्याचं कळल्यापासून, तिला इथे पाठव म्हणून किती निरोप धाडले. उत्तर एकच — आमची सुईण आहे.

९ मार्च

रिकाम्या खाटा बघून जीव कासावीस होतो. शहर दिवसागणिक फुगतंय, आणि बायका मात्र काचांच्या या इमारतीला बिचकतात. तरी खाट रिकामी आहे म्हणून आभार मानले. ते माझ्याइतकं कोणाला कळणार!

१२ मार्च, गुरुवार

अरे देवा! पोकुआने बाळंतिणींच्या विभागाला माझं नाव दिलं. मला न सांगता माझा फोटो घालून भलामोठा फलक छापायला टाकला. तो आज फाटकावर लागला — पांढरा हवा होता, बाळंतिणीचा रंग. आणि लागला लाल-काळ्या चौकटीचा, मयताचा! वर 'आमची आई', खाली जन्मसाल.

छापणारा कान धरून उभा. "मावशी, आठवडाभर मयताचेच फलक छापतो हो! हात आपोआप तिकडेच वळला. त्यात फोटोत तुम्ही इतक्या शांत हसताय..."

१३ मार्च

फलक उतरवला, पण उशीर झाला. सकाळपासून फाटकापाशी लाल-काळी गर्दी! कंद कुटून फुफूचे गोळे विकणारी ब्रुवा मोठ्याने रडत आली. मला बघून किंचाळली.

"अगं, मेलीस ना तू?"

"अजून नाही."

"मग मला रडवलंस कशाला? धंदा बंद करून आलेय मी!"

मग गळ्यात पडून खरंच रडली. तिची चारही पोरं माझ्या हातची. अशा कितीजणी आल्या! एकीच्या लेकाला आता मिशा आहेत, त्याने वाकून नमस्कार केला. माणसाला हे सगळं मेल्यावर मिळतं. मला उभ्याने मिळालं.

१४ मार्च, शनिवार



दुपारी बस आली. पुढे दुफी — काळं लुगडं, डोक्याला लाल फडकं. केस सगळे पिकलेत. माझ्यासमोर उभी राहिली.

"जिवंत आहेस?"

"आहे."

"लाज नाही वाटत? बस केली, गाव गोळा केला, बायकांनी गाऊन गाऊन घसे बसवून घेतले! आता यांना काय सांगू?"

मी हसले. ती नाही हसली. ब्रुवा पुढे झाली, "मयत नाही तर नाही, जेवण तरी करा!" आणि सगळ्यांना सावलीत बसवलं.

दुफीच्या मागे टिवा. आफ्राचंच कपाळ. पाय सुजून टम्म.

पोकुआने ते पाय बघितले आणि तिला आत नेलं. बाहेर आली ती गंभीर होऊन. "मावशी, रक्तदाब फार चढलाय. मी हिला परत पाठवणार नाही."

दुफीने डोक्याचं लाल फडकं सोडलं. मग माझ्याकडे न बघता, भिंतीला विचारल्यासारखं —

"खाट आहे?"

"आहे गं," मी म्हटलं. "हवी ती घे."

ती मजलाभर फिरली. एकेका खाटेला तळवा लावत गेली. शेवटी खिडकीजवळची निवडली.

१६ मार्च

टिवाला सलाईन. दुफी खुर्चीतून हलत नाही. आफ्राचं नाव आम्ही दोघीही काढत नाही. मी सूप नेलं तर म्हणाली, "मीठ घालायला विसरलीस. लहानपणापासून तशीच."

एकोणीस वर्षांनी माझ्या सुपाला नावं ठेवली! देवा, तुझे आभार.

१७ मार्च

मुलगी झाली! दोघी सुखरूप.

१८ मार्च

टिवाला पांढरं नेसवलेलं बघून आले. दुफी अंघोळीला गेली तेव्हा टिवाने हळूच सांगितलं, "मोठी आजी, तिला सांगू नको हं. गावात शुक्रवारी संध्याकाळीच कळलं होतं, तू धडधाकट आहेस, फलक चुकलाय. आजीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, कोणी तोंड उघडायचं नाही. आणि सकाळी बस बोलावली."

मयताला निघताना भरलेली दुफीची पिशवी खाटेखाली होती. टिवा म्हणाली, हे नेसलेलं पांढरं कापड त्याच पिशवीच्या तळाशी होतं — धुऊन, इस्त्री करून.