ट्रेमधलं घड्याळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

निगडीच्या खोलीत सकाळी छान ऊन येतं. अकरा वर्षं घरात काढल्यावर आज पुन्हा लॅबचा कोट घातला. नोकरी याच लॅबमधल्या वर्षालीमुळे मिळाली. कॉलेजातही माझा वाढदिवस तीच लक्षात ठेवायची.

चाकणच्या या कंपनीत बॅटरीसाठी स्फटिक तपासतात. स्फटिकाची पूड भरलेली नळी चुंबकात ठेवायची, स्फटिकातल्या लिथियमच्या आयनांवर जणू खूण करायची, क्षणभर थांबायचं आणि विचारायचं, किती हललात? ते कुठेही भटकतात, त्यांना दिशा नसते.

चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही. घड्याळ, किल्ल्या बाहेरच्या ट्रेमध्ये, लिहायला शिसपेन्सिल. ट्रेमध्ये काही असलं की आत माणूस आहे, कुलूप लावायचं नाही. आज तिथे एक बायकी घड्याळ होतं. आत कोणी नव्हतं. वर्षाली म्हणाली, तुझ्या जागी आधी असलेल्या प्राजक्ताचं. नोकरी सोडताना विसरली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रिकाम्या नळीतून लिथियमचा सिग्नल आला. नळी बदलली, तरी तोच. आणि हे भटकणं नव्हे. दर मोजणीला एकाच दिशेने सरकणं, दाराकडे. वर्षाली हसली. म्हणाली, मशीनला तू आवडलीस.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साफसफाईच्या चिमाजींना घड्याळाबद्दल विचारलं. म्हणाले, "म्या रोज कपाटात ठिवतो, ताई. सकाळी ट्रेमधीच असतंय."

मग सगळंच सांगितलं. प्राजक्ता नोकरी सोडून गेली नव्हती. चुंबक थंड ठेवणारा गॅस खोलीत भरला, हवा संपली, ती आतच गुदमरून मेली. उगाच वाजतो म्हणून अलार्म वर्षालीने बंद केलेला. ट्रे न बघता कुलूपही तिनेच लावलेलं. अहवालात आलं, ट्रे रिकामा होता. घड्याळ चिमाजींना नंतर वर्षालीच्या खणात सापडलं.

बुधवार, १२

वर्षालीला विचारलं. माझ्या खांद्यावर रडली. उद्या गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, कंपनीत कोणी नसतं, दोघी बसून खरं ते लिहू म्हणाली. मी तिचे डोळे पुसले.

गुरुवार, दुपार

एक शेवटची मोजणी घे म्हणाली. आत आले. काचेतून दिसलं — तिने ट्रेमधून माझं घड्याळ उचललं. पर्समध्ये टाकलं. प्राजक्ताच्या घड्याळाला हात लावला नाही.

कुलूप.

चुंबकातला गॅस सोडणारं बाहेरचं लाल बटण तिने दाबलं. वरून गॅसचा फूत्कार. अलार्म गप्प —

मी दार ठोठावलं. तिने पाहिलं नाही. माझा वाढदिवस लक्षात ठेवणारी —

नळी घातलेलीच नाही. पडद्यावर सिग्नल. दारापाशी पोचलाय.

मी खाली बसून लिहितेय. दार अजून वाजतंय. आतून. वर्षाली वळली, बघतेय ती माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी —