बारशाला न गेलेली फुलं

प्रिय माय,

तुला जाऊन आठ महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एकेकजण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. शांत बाई. कोणाशी वैर नाही. आयुष्यात कधी उलटून बोलली नाही. शेवटी भंतेजींनी माझ्याकडे पाहिलं. मुलीला काही बोलायचंय का? मी नुसती नाही म्हणून मान हलवली.

खरं सांगू? सगळे ज्या शांतपणाचं कौतुक करत होते, मला त्याचाच राग येत होता. भरल्या विहारात ते बोलायची हिंमत नव्हती. आज आहे. आज मी आपल्या गावच्या शाळेत जाऊन आले. तिथे जे कळलं, ते कळल्यावर तुझ्याशी भांडल्याशिवाय मला घास उतरणार नाही. म्हणून लिहायला बसले.

कालपासून सांगते.

शहरातल्या कॅम्प भागातल्या एका काकूंनी नातीच्या बारशासाठी कुकीज सांगितल्या होत्या. एक्कावन्न गुलाबी फुलं, प्रत्येकावर बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर 'ई'. बोलणं सगळं फोनवरच झालं होतं. तीन दिवस खपले मी त्यावर. तुला माहीतच आहे, कणीक लाटून फुलं कापली की अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, नाहीतर ओव्हनमध्ये पाकळ्या पसरतात आणि फुलाची भाकर होते. मग गार करा, वर फॉन्डंटचं फूल चिकटवा, कडा पातळ करा, एकेक शीर काढा. तू त्या फॉन्डंटला साखरेची कणीक म्हणायचीस. आता मीही तेच म्हणते.

काल, शुक्रवारी दुपारी काकू बघायला आल्या. इथे बडनेऱ्यापर्यंत मुद्दाम आल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. "अगंबाई, किती नाजूक हात गं तुझा!" म्हणाल्या. मी त्यांना एक चवीला दिली. त्यांची अर्धी खाऊन होते न होते, तेवढ्यात शेजारचे वानखडे काका दारातून डोकावले. "जयभीम वर्षाताई! नितीनराव ड्युटीवर गेले का?"

मी म्हटलं, "जयभीम काका. हो, सकाळीच गेले."

एवढंच झालं, माय. काकूंनी हातातली अर्धी कुकी बशीत ठेवली. पदराने बोटं पुसली. "बरं, निघते, घरी पाहुणे आहेत," म्हणाल्या. तासाभरात फोन. "कुकीज राहू दे गं. आम्ही पेढेच ठेवायचं ठरवलंय."

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, मला ठाऊक आहे. "जाऊ दे नं वं बाई." हे तुझं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझ्याही तोंडात आलंच होतं. मी ते गिळलं.

"काकू, कारण सांगा," मी म्हणाले.

"तसं काही नाही गं. घरात मोठी माणसं आहेत, देवाचं असतं सगळं..."

"चव आवडली नाही का?"

"चवीचं नाही म्हणतेय मी."

"मग कशाचं म्हणताय, तेवढं एकदा बोला. मला ऐकायचंय."

त्या पुन्हा पेढ्यांवर आल्या. मी म्हणाले, "ठीक आहे. पण नात मोठी झाली आणि तिने विचारलं की बारशाची फुलं का आली नाहीत, तर तिला तरी खरं सांगाल का?" फोन बंद झाला. छातीवरचा धोंडा बाजूला झाल्यासारखं वाटलं. बोलल्यावर असं हलकं वाटतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, कारण तुलाच ते माहीत नव्हतं!

मी चौथीत होते. शाळेत खिचडी शिजवायला तुला नेमलं, तेव्हा तू नवं लुगडं नेसून गेली होतीस. पहिल्या दिवशी निम्मी पोरं डबा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबेसुद्धा आणले नाहीत, जेवणाच्या सुट्टीत सरळ घरी गेली. तिसऱ्या दिवशी गुरुजी चुलीपाशी आले. मी वऱ्हांड्यात ताट घेऊन बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

"बाई, असं करा, तुमी भांडे घासा. खिचडी सुमनबाई शिजवन. गावाचं कसं असते, तुमाले तं मालूमच हाय."

तू पळी खाली ठेवलीस. म्हणालीस, "बरं जी."

बरं जी! दोन शब्दांत नऊ वर्षं दिलीस तू. नऊ वर्षं सुमनकाकू शिजवायची आणि मागच्या भिंतीपलीकडे नळावर तू राखेने पातेली घासायचीस. मी सातवीत गेल्यावर तुला विचारलं होतं, तू का भांडली नाहीस? तू माझ्या वेण्या घालत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "भांडन शिजवलं तं कोनाचं पोट भरते वं? लेकराईच्या पोटात अन्न जाऊन राहिलं नं? मंग झालं."

नाही झालं, माय. तेव्हाही झालं नव्हतं.

तू इथे राहायला आलीस तेव्हाचं आठवतं? आल्या आल्या मोरीकडे वळलीस आणि घासणी उचललीस. मी ती हातातून काढून घेतली. "या घरात तू भांड्याला हात लावायचा नाही," म्हटलं. तू रुसून बसलीस. मग मी तुझ्यापुढे साखरेच्या कणकेचा गोळा ठेवला. अकोल्याला मी दोन दिवस कुकी सजवण्याचा क्लास केला होता, साच्यांचा डबाच आणला होता तिथून. तू साचा बाजूला सारलास आणि अंगठ्याने एक पाकळी दाबलीस. मग दुसरी. पाच पाकळ्या झाल्या आणि ते फूल खरं वाटायला लागलं. क्लासवाल्या मॅडमचं नव्हतं तसलं! एप्रिलच्या त्या उकाड्यात आपण कूलर बंद करून बसायचो, कारण ओल्या हवेने फॉन्डंटला पाणी सुटतं. तुझ्या हनुवटीवरून घाम टपकायचा आणि तू हसायचीस. "फुलाले वारा चालत नाई, हे पहिल्यांदाच पाह्यलं बाप्पा!"

पण पहिली ऑर्डर घेऊन माणूस गेला, तेव्हा तू दाराआड उभी होतीस. हळूच विचारलंस, "खातीन का वं ते? त्याइले मालूम हाय का?"

आणि मग म्हणालीस, कुठे आडनाव लिहू नको, धंद्याचं नाव नुसतं 'फुलोरा' ठेव. मी ऐकलं तुझं. ती चूक होती. तुझीही आणि माझीही.

तर काल संध्याकाळी मी प्रत्येक फुलावरचा 'ई' पिवळ्या फॉन्डंटच्या टिकलीने झाकला. नितीन, तुझा जावई, ड्युटीवरून आला, एवढी फुलं पाहून चक्रावला. मी सांगितलं, उद्या गावच्या शाळेत नेणार.

"कायले जुनं उकरून राहिली वर्षा? कोनी खाल्लं नाई तं?"

"नाही खाल्लं तर माझ्या तोंडावर नाही म्हणतील. भिंतीआडून नाही."

तो उठला. बाहेर गेला, मिठाईवाल्याकडून दोन मोठी खोकी आणली आणि पुठ्ठे कापून देत बसला.

आज शनिवार, सकाळची शाळा. मूर्तिजापूरपर्यंत गाडीत खोकी मांडीवर धरून बसले, पुढे ऑटोने गेले. शाळेला आता नवा रंग आहे. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या, चुणचुणीत बाई. म्हणाल्या, "कोणाच्या स्मरणार्थ वाटायचंय?"

"गोकर्णा तायडे. माझी आई. नऊ वर्षं या शाळेत होती."

"अच्छा! कोणता वर्ग होता त्यांच्याकडे?"

"भांडी घासायची. नेमलं होतं स्वयंपाकाला. पण आमच्या जातीच्या हातचं पोरांना चालत नव्हतं, म्हणून शिजवू दिलं नाही."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. मला वाटलं, आता नियम काढतील. काढलाच. "मुलांना काही द्यायचं तर आधी शिक्षकांनी चव घ्यायची असते," म्हणाल्या. खोकं उघडून एक फूल उचललं आणि माझ्यासमोर पूर्ण खाल्लं. मग रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहिलं. विचारून, आडनावासकट.

पोरं वऱ्हांड्यात रांगेत बसली. मी वाटायला सुरुवात केली आणि स्वयंपाकखोलीच्या दारात सुमनकाकू दिसली. अजून तीच शिजवते, माय. केस पांढरे झालेत, गुडघ्यावर हात ठेवून चालते. माझ्याकडे बघत राहिली.

"गोकर्णाची पोरगी न वं तू?"

"हो."

"गोकर्णा कशी हाय?"

"गेली. आठ महिने झाले."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग हात पुढे केला. "मले दे एक." तिथंच उभ्याने खाल्लं. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती जे बोलली, त्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

"मले कुठं येत होतं वं खिचडी? घरी चार जनाचं शिजवनारी बाई मी, एवढं मोठं पातेलं पाहूनच घाबरली. तुही माय मांगून नळापासून सांगे. आता हळद टाक. आता पानी थांबव. मीठ तं तेच तिच्या मुठीनं मोजून द्ये मले, झाकून. सायेब आले होते जिल्ह्याहून, म्हने, अशी खिचडी कुठंच नाई खाल्ली. मी मान खाली घालून उभी."

म्हणजे नऊ वर्षं अख्खं गाव तुझ्याच हातचं जेवलं! आणि तू हे मला सांगितलं नाहीस. मला. पोटच्या पोरीला! मीही त्याच ओळीत बसून तीच खिचडी खात होते, आणि सुमनकाकूच्या हातची म्हणून तिचा राग करत होते.

लोक म्हणतील, बघ, किती मोठं मन होतं तुझं. असेल. पण मला तुझ्या मोठ्या मनाचं कौतुक नाही करायचं. ज्यांनी तुला नळावर बसवलं, त्यांच्या पोरांची चव तू सांभाळलीस आणि त्यांना त्याचा पत्ताही लागू दिला नाहीस. त्यांना फुकट सोडलंस तू, माय!

मी सुमनकाकूला म्हणाले, "हे तुम्ही आता सगळ्यांसमोर सांगा."

"आता कायले वं? इतके वर्सं झाले. लोक का म्हनतीन मले?"

"तिला इतकी वर्षं काय म्हणत होते? सांगा, काकू."

तिने पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आत निघून जाईल. पण ती पुढे आली, मुख्याध्यापिकेकडे पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "पोट्टेहो, मले खिचडी शिजवनं ह्या ताईच्या मायनं शिकवलं. गोकर्णाबाईनं. चव तिची हाय, माही नाई."

आणि पोरं? पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही! एकाने ओरडून विचारलं, "मॅडम, हे पिवळं बी खायाचं हाय का?" दुसऱ्याने तोवर तोंडभर रंग करून घेतला होता. एका मुलीने फूल ओढणीत गुंडाळलं. मी विचारलं, "खात का नाहीस गं? घरून सांगितलंय?" ती म्हणाली, "लहान्या बहिनीले पयले दावतो." मला माझीच लाज वाटली.

सगळ्यांनी खाल्लं असं मात्र नाही. एका पोराने फूल पायरीवर तसंच ठेवलं. "आजीनं सांगतलं, बाहेरचं खायचं नाई." असेलही तसं. किंवा दुसरं काही असेल. मी ते उचललं नाही. तिथंच राहू दिलं, सगळ्यांना दिसेल असं.

परत येताना गाडीत एक गोष्ट राहून राहून टोचत होती. ती तुला सांगून टाकते, कारण फक्त तुझेच दोष काढणं बरं नाही. कॉलेजमध्ये, लग्न ठरताना, इथे शेजारणींमध्ये कोणी विचारलं, तुझी आई काय करायची, की मी म्हणायचे, "शाळेत होती." ऐकणारे समजायचे, शिक्षिका असेल. मी समजू द्यायचे. तू एकदा बाजूलाच बसली होतीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आता कळतं, तू ते ऐकलं होतंस.

म्हणून आता ऐक. आल्या आल्या मी फोनवर धंद्याच्या नावातून 'फुलोरा' पुसलं आणि लिहिलं: गोकर्णा तायडे यांच्या लेकीची फुलं. यापुढे ऑर्डर घेताना आधी नाव-आडनाव सांगेन, मग चव देईन. ज्याला उठून जायचं, त्याने दारातूनच मागे फिरावं. माझी कुकी अर्धी खाऊन बशीत ठेवायची संधी कोणालाही देणार नाही. 'जाऊ दे' हे तुझं सगळ्यांत आवडतं वाक्य होतं, ते मी तुझ्याबरोबर जाऊ दिलंय. आणि यापुढे कोणी विचारलं की तुझी आई काय करायची, तर वर बघून सांगेन: माझी माय स्वयंपाकीण होती. गाव जेवायचं तिच्या हातचं.

तुझी भांडखोर पोरगी,
वर्षा