डाव्या बाजूचा खालचा कान

बाबा, आज तुमची मोटारसायकल उघडायला घेतली. बावीस वर्षं ती कोठ्यात उभी आहे. गुरं होती तोवर गुरांच्या शेजारी, गुरं विकल्यावर एकटीच, ताडपत्रीखाली. भंगारवाले किती येऊन गेले त्याला गणती नाही; आईनं प्रत्येकाला दारातूनच वाटेला लावलं. मलाही तिनं कधी हात लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नाही. मागच्या महिन्यात तिला भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. उजवा कान गेलाच आहे, डावा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही, असं तो म्हणाला. परत येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. आंबागड जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तुया बापाची गाडी एकदा चालू करून देशीन का ग? मले तिचा आवाज आयकाचा हाय. मंग नाही आयकू आलं तरी चालते." मी हो म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर कोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत फिरले.

इंजिनाची मला भीती नव्हती. माझ्या दवाखान्याच्या समोर एक मिस्त्री आहे, जुन्या गाड्यांचा जाणकार आहे. मी तिथे औषधं वाटते, तो तिथे प्लग साफ करतो, रोजची ओळख. तो येऊन गाडी बघून गेला. हेडलाइटच्या मागची सगळी वायरिंग उंदरांनी खाल्ली आहे म्हणाला, आणि ती बदलायची तर पुढचा डूम, म्हणजे हेडलाइटभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, आणि दोन्ही बाजूंचे पॅनल काढावे लागतील. मग त्यानं डूमवर नखानं टिचकी मारून पाहिली आणि हात मागे घेतला. "मॅडम, याचा पापड होऊन गेला. मी हात लावला आन् तुटला, त हा माल आता इंडियात भेटत नाही. तुमच्या बाबाची वस्तू हाय, तुम्हीच काढून द्या. बाकी माह्याकडे." त्याला काय ठाऊक की त्या डूमच्या मागे काय आहे हे बघायची वेळ येऊ नये म्हणून मी अख्खं आयुष्य त्या कोठ्याकडे पाठ करून काढलं.

तुम्ही त्या प्लास्टिकच्या खुंट्यांना कान म्हणायचे. हेडलाइटभोवतीच्या डूमला असे चार कान, ते चार रबरांत जाऊन बसायचे. बाजूच्या पॅनलला तीन-तीन. बाकीचे लोक लॉक म्हणत, क्लिप म्हणत, तुम्ही मात्र कान. आणि काढायची तुमची रीत ठरलेली होती. आधी गाडी उन्हात उभी करायची, तासभर. मग रबरांवर साबणाचं पाणी, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं एकेका कानावर धरून ठेवायचं. कडेला धरून ओढायचं नाही, मागून तळवा लावायचा आणि एकेका कानाजवळ हलकं दाबत जायचं. "ओढू नको बाई. प्रत्येक कानाले इचारत जाय, सुटतेस का म्हणून. सुटतो म्हणला त पुढं." खाणीत तुम्ही पंप चालवायचे. पंप उघडला की काय केलं ते वहीत लिहायची तिथली सवय तुमच्या हाताला इतकी लागली होती की घरातलं काहीही उघडलं, मिक्सर असो की रेडिओ, की आतल्या बाजूला बॉलपेननं तारीख आणि दोन शब्द लिहून ठेवायचे. आई म्हणायची, यांचं चाललं तर माझ्या पोळीवरही तारीख टाकतील.

दहावी झाले तेव्हा मावशीनं ड्रेस दिला, मामानं घड्याळ दिलं आणि तुम्ही दहा नंबरचा पाना दिला. मी रडले होते, आठवतं? मग त्याच पान्यानं तुम्ही मला सगळी गाडी खोलायला शिकवली, आणि खाणीतून कोणी घरी आलं की चहा येण्याआधी सांगायचे, "माही पोरगी गाडी उघडते." त्या एका वाक्यासाठी मी काहीही केलं असतं. एकदा रेडिओचं बटण माझ्या हातून तुटलं आणि मी ते तांदळाच्या कोठीत लपवलं, तेव्हा तुम्ही मारलं नाही, ओरडलेही नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "तुटलं त तुटलं म्हणाचं. मले मालूम रायलं म्हणजे मी त्या हिशोबानं हात लावीन. नाही मालूम त हात माहा जाईन." त्या दिवशी मी भात तसाच टाकून उठले होते.

आणि तरी. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते, डिसेंबरच्या सुट्टीत घरी आलेली. स्पीडोमीटरचा दिवा गेला होता, आणि तुम्ही रातपाळी करून झोपले होते. वाटलं, उठायच्या आत बदलून ठेवू, म्हणजे पुन्हा एकदा ते वाक्य ऐकायला मिळेल. सकाळचे आठ वाजले असतील, टाकीवर दव तसंच होतं, प्लास्टिक बर्फासारखं गार. ऊन नाही, साबण नाही, फडकं नाही. मी वरचे दोन कान सोडवले आणि खालून ओढलं. डाव्या बाजूचा खालचा कान कट करून गेला. एवढासा आवाज, पण मी खोलीच्या दाराकडे बघितलं. तुमचं घोरणं चालूच होतं. शेजारी घराचं सेंटरिंग चाललं होतं, तिथून सळया बांधायची तार आणली, तडकलेल्या जागेतून ओवली आणि आत हँडलच्या दांड्याजवळच्या पट्टीला करकचून पिळली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. तुटका कान मी विहिरीत टाकला.

त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेले. नाकाडोंगरीहून परत येताना, दुपारी चारच्या सुमाराला, उजेड होता, रस्ता कोरडा होता. वळणावर गाडी वळलीच नाही. शेळ्या चारणारी एक म्हातारी तिथे होती, तिनं सगळ्यांना सांगितलं, "सीधी गेली जी गाडी, सीधीच. वळवली बी नाही, थांबवली बी नाही." धान कापून झालेल्या बांधीत गाडी आडवी पडली होती, तिला फारसं लागलंही नव्हतं. तुमचं डोकं मात्र बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच्या दगडावर आपटलं. त्या वळणापासून शंभर पावलांवर मोहाच्या दारूची भट्टी होती. झालं. लोकांना दुसरं काय लागतं? संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं की पंपवाला पिऊन होता. सीधी गेली म्हणजे पिऊन होता. मला मात्र सीधी गेली म्हणजे काय ते दुसरंच दिसत होतं. माझी तार हँडलमध्ये अडकली. हँडल वळलं नाही. मी मारलं तुम्हाला.

तुम्ही थेंबाला कधी शिवले नाहीत. दर पौर्णिमेला विहारात पुढच्या ओळीत बसून पंचशील म्हणायचे, आणि पाचव्या शीलाला, दारूच्या, तुमचा आवाज जरा चढायचा, कारण तुमचे वडील त्याच पायी गेले होते. तुम्ही गेल्यावर आई वर्षभर विहारात गेली नाही. मग गेली ती मागच्या भिंतीपाशी बसू लागली, अजून तिथेच बसते. तोंडावर कोणी काही बोललं नाही कधी. माणसं भली होती, गप्प राहून कीव करायची, आणि तेच वाईट होतं. एकदा, तेरवी-बिरवी आपल्यात नसते, पण तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, सगळे गेले होते, आई चुलीपुढे बसली होती. दूध उतू जात होतं आणि ती बघत नव्हती. म्हणाली, "तू त्यायच्यासंगं जास्त राहत होती. खरं सांग. पेत होते का ग ते? मले न सांगता?" मी दूध उतरवलं. नाही म्हणायचं होतं फक्त. पण नाही म्हटलं असतं तर मग गाडी सीधी कशी गेली, हे तिनं पुढं विचारलं असतं. मी म्हटलं, "मले काय मालूम, आई."

बाबा, चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझं चौथं मोडलं आणि पाचवं मोडल्याचा डाग तुम्हाला लागला. हे मी इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही. लग्न केलं नाही, गाडी चालवायला शिकले नाही, दवाखान्यात बसनं जाते. लोकांना वाटतं बापाच्या मरणाची धास्ती घेतली पोरीनं. घेतलीच होती, फक्त कशाची ते कोणाला ठाऊक नाही.

तर आज रविवार. गाडी अंगणात उन्हात ओढली. आई खाटेवर सुपात लाखोळीची डाळ घेऊन निवडायला बसली होती, अधूनमधून चष्म्यावरून बघत होती. मी सगळं तुमच्या रीतीनं केलं. तास भरला तेव्हा डूमला हात लावला तर कोमट लागला. साबणाचं पाणी, गरम फडकं. पाना तोच, दहाचा. एकेका कानाला विचारत गेले. वरचा उजवा सुटला, वरचा डावा सुटला, खालच्या उजव्यानं जरा वेळ घेतला. मग मी डाव्या बाजूनं आत बोटं घालून तार चाचपडू लागले. बावीस वर्षं ज्या तारेनं माझा गळा धरला होता, ती बोटाला लागेना. मी जोर लावला नाही, हलकं दाबलं, आणि चौथा कानही सुटला. चौथा कान, बाबा. जो मी विहिरीत टाकला होता.

डूम उलटा करून मांडीवर घेतला. तिथे दुसराच कान बसवला होता. कशाचा तरी जाड काळा तुकडा कापून, घासून, तापलेल्या सुईनं बारीक भोकं पाडून, मोटारीच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेनं शिवलेला, चपलेच्या पट्ट्यासारखा, वरून पुट्टी भरलेली. माझी बांधायची तार कुठेच नव्हती. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठेही घासल्याची खूण नाही. आणि शिवलेल्या कानाच्या बाजूला, आतल्या पांढऱ्या भागावर, बॉलपेननं तुमची तारीख. मी तोडला त्याच्या तिसऱ्या दिवसाची. खाली दोन शब्द, "कान शिवला."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मरायच्या आठ दिवस आधीपासून तुम्हाला माहीत होतं. आता मला ते जेवण आठवतं जे मी कधी आठवत नव्हते. मी वाढते आहे, वांग्याची भाजी आहे, तुम्ही ताटाकडे बघून विचारता, "डूम हालत होता का ग, बाई? तू काही पाहिलं का?" मी म्हणते, "नाही जी." तुम्ही घास घेता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "गाडीचं काही सांगाचं हाय का?" नाही. त्यानंतरही एकदा विचारलं होतं, मी निघायच्या आदल्या दिवशी, एसटीच्या वेळा बघता बघता. तुम्ही चिडलेले नव्हते. तुम्ही नुसते थांबले होते, मी कधी बोलते म्हणून, आणि मी बॅग भरून तुमसरला कॉलेजात निघून गेले. पुढच्या रविवारी येईन म्हणून.

मग गाडी का वळली नाही, ते मला माहीत नाही. छातीत कळ आली असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. तेव्हा कोणी बघितलं नाही आणि आता कोणाला विचारणार? एवढंच ठाऊक आहे की ना ती माझ्या तारेनं गेली, ना दारूनं. मला हलकं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग लक्षात आलं की तुम्हाला मारल्याचं ओझं उतरलं आणि त्याच्या खालून निघालं ते हे, की तुमचं नाव खराब होताना मी जे लपवायला गप्प बसले, ते लपवण्यासारखं काही नव्हतंच. चुलीपुढे त्या दिवशी नाही म्हणायला मला काहीच लागलं नसतं.

मी ठरवलं, आत्ताच आईला सांगायचं. डूम दाखवायचा, तारीख दाखवायची, तार, विहीर, सगळं. ती नीट ऐकू शकते तोवरच. आधी उजव्या बाजूचं पॅनल काढून होऊ दे, म्हणजे हात मोकळे होतील, असं मनाशी म्हटलं आणि पॅनलला हात घातला. फडकं गार झालं होतं, डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसत नव्हतं, आणि मी विचारलं नाही, ओढलं. पुढचा कान कट करून गेला. आईला तो आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण तिनं माझा चेहरा पाहिला असावा. सूप खाली ठेवून ती तिथूनच म्हणाली, "काय झालं ग? तुटलं का काही?"

हे पत्र पान्याच्या डब्यात ठेवते आहे, तुमच्यापर्यंत कुठून पोचणार. पण तुम्ही विचारायच्या आधी सांगते. तुटलेला कान माझ्या मुठीत होता, बाबा, आणि मी आईला म्हटलं, नाही, काही नाही तुटलं.