मुलुंड ते बोरिवली, मध्ये अंधेरी

२२ जानेवारी १९८७, गुरुवार
शनिवारपासून पदयात्रा. मुलुंड ते बोरिवली, तीन दिवस, रोज संध्याकाळी घरी. ती काढणाऱ्या डॉ. बाई शाळेत आल्या, शिक्षकांतून नावं मागितली, माझा हात सगळ्यांत आधी वर. फलक मिळाला: 'फेफरे हा आजार आहे. लपवू नका.' घरी आणला तर आईचा चेहरा पाहण्यासारखा.
"अंधेरीक जातलंस ह्यां घेवन? सुलूच्या सासरच्यांच्या दारात? डोक्यार पडलंस काय गो?"
सुलूताईला फीट येते हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. घरातही 'चक्कर' म्हणायचं. गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात. लग्न मेमध्ये, विनय सावंतशी. अठ्ठावीस गुण जुळलेत, आणखी काय हवं?
ताईनं फलक वाचला. "अक्षर छान आहे," म्हणाली. बस्स.

२४, शनिवार
घाटकोपरपर्यंत. पाय गेले कामातून.
नाक्यानाक्यावर थांबून बोलायचं. कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. भांडुपला एकजण, "मग हुंगवायचं काय, अत्तर?" सगळे हसले, मीपण. मग आठवलं, आमच्या आईच्या हाताशी कांदा कायम तयार असतो.
प्रश्नांची उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे. जमतं मला. "लग्न ठरवताना सांगायचं का?" "सांगायलाच हवं!" ठणकावून. वा गं मी.

२५, रविवार
पाय न धुताच लिहायला बसलेय.
अंधेरीला शाळेच्या पटांगणात सभा. संपल्यावर एक बाई मागे रेंगाळली, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. नजर खाली. हळूच म्हणाली, "मुलाचं लग्न ठरलंय हो. फीटच्या गोळ्या चालू आहेत त्याला. मुलीकडच्यांना सांगायला लागेल का?"
मी नेहमीसारखं "सांगायलाच..." म्हणत नीट बघितलं. सावंत काकू. ताईच्या होणाऱ्या सासूबाई.
त्यांनीही वर बघितलं. पांढऱ्याफटक पडल्या. "तू सुलूची बहीण नंदा ना? कुणी सांगितलं तुला आमच्या विनयचं? मुद्दाम आलीस?"
"नाही हो काकू, मी अशीच. समाजसेवा."
समाजसेवा! आमच्याकडेही तेच आहे, एवढं एक वाक्य. तेवढं राहून गेलं.
माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "घरी बोलू नकोस गं. पुढच्या रविवारी येतो आम्ही. बघते मी काय ते."
विनयला? त्या धडधाकट माणसाला? डोकं चालेनासं झालंय. दोन्ही घरं एकमेकांना फसवतायत आणि मधे मी, फलक घेऊन.

२६, सोमवार
बोरिवली गाठली. कशी ते विचारू नये. हार, टाळ्या, डॉ. बाईंनी पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी आल्यावर गच्चीत ताईला सगळं सांगितलं. वाटलं, कोसळेल. ती दोरीवरचे कपडे काढत राहिली.
"माहितेय मला. दुसऱ्या भेटीतच सांगितलं त्यानं. मला ठाऊक आहे, हे त्याच्या आईला माहीत नाही."
"आणि तू काय म्हणालीस?"
"म्हटलं, माझी काही हरकत नाही."
"अगं, तुझं सांगितलंस का?"
"त्याचे डोळे भरून आले गं. म्हणाला, तुझ्याएवढं मोठं मन कुणाचं नसतं. मग कुठल्या तोंडानं सांगू?"
आपली ताई. साधी, गरीब ताई!

१ फेब्रुवारी, रविवार
आज सावंत मंडळी यायची. आईला अजून कशाचाच पत्ता नाही, सकाळपासून शिरा ढवळतेय.
मगाशी ताईनं तांदळात हात घालून बाटली काढली. पदरानं पुसली. चहाच्या ट्रेमध्ये ठेवली, कपांच्या मधोमध.
"ह्यां काय? येड लागला तुका?" आईनं उचलून परत डब्यात टाकली. ताईनं परत काढली. आईनं पुन्हा हात घातला तेव्हा ताईनं तिचं मनगट धरलं. आईचा हात अडवणारी ताई मी जन्मात पाहिली नव्हती.
"आई, तो 'मोठं मन' म्हणतो मला," ती म्हणाली. "झोप लागत नाही."
आई रडतेय. जिन्यावर सावंत काकूंचा आवाज येतोय, विनयही आहे बरोबर. दार मलाच उघडावं लागणार.
बाटली अजून ट्रेमध्येच आहे.