दाराचं लपवलेलं हँडल

रविवार, १८ मे. नंदाखाल

भावाची, नेल्सनची, नवी गाडी मला डोळ्यांसमोर नको. पुढे नुसतं क्रोम, दात विचकल्यासारखं. आणि दाराला हँडलच नाही! ते पत्र्यात लपवलंय, गाडी गुळगुळीत दिसावी म्हणून. कुणाला दिसावी?

चर्चमधली मिस्सा संपल्यावर आई उन्हात दार चाचपत उभी. हा आत एसीत बसून हसतोय. "अगं आई, दाब ना, हँडल आपोआप बाहेर येतं!" संधिवाताच्या बोटांनी तिला दाबता येईना. तिची अंगठी घासली, बारीक ओरखडा उठला. तेव्हा मात्र साहेब धावत उतरले. खिशातून रुमाल काढला, तो रंग पुसायला. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

आई हळूच म्हणाली, "तू जा बाबा. आम्ही बसने येतो."

आणि तो गेला. खरंच गेला.