तिन्ही कॅमेऱ्यांत एकच रंग

३ नोव्हेंबर, सोमवार

आणखी एक साडी परत! पुण्याची बाई. म्हणते, आमच्या ऑनलाइन विक्रीच्या लाइव्हमध्ये मातकट दिसली अन् हातात आली गर्द जांभळी. आमच्या पवनीत मागावर विणलेलं कोसा रेशीम, तीन पिढ्यांचं दुकान, अन् ही मले रंग शिकवणार!

चूक आमच्या पोराची, अनुपची. दुकानात तीन वेबकॅम लावले त्यानं — एक अख्ख्या साडीवर, एक पदरावर, एक काठावर. अन् रंगाचं सगळं ऑटोवर सोडलं. मग एक कॅमेरा पिवळा, दुसरा निळसर, तिसऱ्याचं काही विचारूच नका. एका साडीचे तीन रंग! गिऱ्हाईक काय समजणार? मागच्या महिन्यात मीच ऑटो बंद करून सगळं हातानं लावलं. पण पोरगं मागून बोटं घालते, दुसरं काय!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज लाइव्हच्या आधीच भांडण. अनुपनं तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्र मोठ्यात मोठं, १०८० वर ठेवलं. काठाचा कॅमेरा काळाठिक्कर! अरे, तिघं एकाच यूएसबी हबवर लटकले, कसं झेपणार? ७२० वर आणले, तिघंही चालू. 

मग रंग. साडी हातात धरली, पडद्याकडे पाहत कॅमेऱ्याचा रंग कमी-जास्त करत गेलो, दोन्ही सारखे दिसले तिथं थांबलो. याच्याहून सोपं काय असते?

साडी दाखवता दाखवता सूनबाई रीता मधीच म्हणते, "बाबा, जांभळा मातकट दिसून राहिला."

"तुले कोणी विचारलं?"

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. रीता पुढच्या साड्या दाखवत राहिली, पण आवाज बसला होता तिचा. बसू दे! धंद्यात रडून चालत नाही.

७ नोव्हेंबर

मागच्या महिन्यात विकलेल्या दोन साड्या परत. दोन्ही जांभळ्या. 

९ नोव्हेंबर, रविवार

आज सगळ्यांना बसवलं. मागच्या महिन्यातल्या लाइव्हचं रेकॉर्डिंग लावलं अन् परत आलेली साडी पडद्याशेजारी धरली. "दाखवा फरक! कुठं आहे?"

अनुप-रीता एकमेकांकडे पाहून राहिले. कुसुम — माझी बायको! — तीही खाली पाहत बसली. माझ्या बाजूनं एक शब्द नाही.

शेवटी अनुप म्हणाला, "बाबा, तुम्ही आता कॅमेऱ्याले हात लावू नका."

मले! ज्यानं त्याले ताणा-बाणा दाखवला, त्याले!

म्हटलं, "दुकान माझं आहे. जमत नसल तर जा."

गेला. दुपारच्या गाडीनं नागपूरले, रीताच्या माहेरी. जाताना ती पाया पडली. मी पाय मागे घेतले.

१० नोव्हेंबर

फोन नाही. न येवो!

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्यांच्यावाचून अडत नाही, हे दाखवायचं होतं. लाइव्ह मी केलं. कुसुम साड्या धरून उभी, मी बोलून राहिलो. म्हटलं, "ही पाहा, काळी. लाल काठ."

कुसुम हळूच म्हणाली, "अजी, निळी आहे ते."

"काळी आहे!"

"निळी आहे जी."

मी आणखी जोरात, "काळी!" लोकं धडाधड लिहून राहिले, काय लिहिलं ते मी वाचलंही नाही. कुसुमनं साडी खाली ठेवली अन् कॉम्प्युटरचं बटणच दाबून टाकलं. चालू लाइव्हमध्ये! आजवर बाईनं कधी असं केलं नाही. आता घरातही सगळे माझ्यावरच उठले!

जेवलो नाही. ती समोर येऊन बसली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, भांडली नाही. याचा तर आणखीच राग आला.

१५ नोव्हेंबर

कुसुम हट्टानं भंडाऱ्याले डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला वाढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "याच्यात निळा-जांभळा रंग आधी दिसेनासा होते. माणसाले स्वतःले समजत नाही."

बाहेर पायरीवर बसून अनुपले फोन लावला. लगेच उचलला. "बोला बाबा."

म्हटलं, "रीताले फोन दे. जांभळा मातकटच होता."