आईने रंगवलेलं सूप

१४ मार्च २०१५, शनिवार. बुकित बातोक

आज ऑफिसातली नीता जेवायला आली होती. भिंतीवरचं गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने चितारलेलं सूप पाहून म्हणाली, "किती सुंदर! कुठून घेतलंस गं?"

"पुण्याच्या प्रदर्शनातून," मी म्हणाले. का म्हणाले असं? ते सूप माझ्या आईने रंगवलंय. आम्ही वारली आहोत, हे इथे परदेशात मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"आजीने केलंय ना?" माझी आठ वर्षांची ईशा लगेच बोलली. "हिचं काहीतरीच!" म्हणत मी हसले.

नीता गेल्यावर ईशाने विचारलं, "मम्मा, स्कूलमध्ये विचारलं तर मीपण एक्झिबिशनच सांगू?"

नीताला खरं काय ते मेसेजमध्ये लिहिलंय. दोन तास झाले, पाठवायचं धाडस होत नाहीये.